घरातले कॅमेरे आणि घरगुती व्हिडिओ संपादन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बसवलेल्या कॅमेऱ्यांचे फुटेज, मोबाइलवर घेतलेले समारंभ आणि कपाटात पडून राहिलेल्या जुन्या कॅसेट या तिन्हींविषयी आमच्याकडे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विषय वरवर वेगळे दिसले तरी अडचण बहुधा एकच असते. चित्रण करणे आता कुणालाच अवघड राहिलेले नाही. अवघड झाले आहे ते हव्या त्या चार मिनिटांपर्यंत पोहोचणे आणि ती चार मिनिटे मूळ रूपात टिकवणे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तेथे पुनरुक्ती टाळून केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्मार्ट घर म्हणजे आवाजावर दिवे लागणारे घरच ना? त्यात मल्टिमीडिया संशोधनाचा संबंध कुठे येतो?

दिवे आणि पंखे हा त्यातला सोपा भाग आहे, कारण दिवा चालू आहे की बंद, एवढेच यंत्राला कळावे लागते. कॅमेरा आणि मायक्रोफोन घरात आले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. आजोबा खाली बसून पेपर वाचत आहेत की तोल जाऊन पडले आहेत, हे माणसाला एका नजरेत कळते. यंत्राला ते चित्र, हालचाल, आवाज आणि वेळ यांचा मेळ घालून ताडावे लागते. या मेळाचा अभ्यास म्हणजे येथे अभिप्रेत असलेले मल्टिमीडिया संशोधन.

अटलांटा येथील जॉर्जिया टेक विद्यापीठाने ‘अवेअर होम’ नावाचे एक घरच या अभ्यासासाठी बांधले. त्यात एकसारखी दोन स्वतंत्र बिऱ्हाडे होती आणि वयस्कर माणसांना स्वतःच्या घरात निर्धास्त राहता यावे, हा त्या कामाचा एक मोठा हेतू होता. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे एमआयटीने २००४ साली ‘प्लेसलॅब’ ही सदनिका सुरू केली. तेथे स्वयंसेवक राहायला येत आणि त्यांचे रोजचे जगणे कपाटांत, भिंतींत बसवलेल्या संवेदकांनी टिपले जाई.

२. घरात सतत चित्रण केले तर इतके तास पाहणार कोण?

कुणीच पाहत नाही. हे सर्वांत ठळकपणे दाखवून देणारा प्रयोग एमआयटीतील संशोधक देब रॉय यांनी स्वतःच्या घरात केला. मूल बोलायला कसे शिकते, हे समजून घेण्यासाठी त्यांनी घराच्या छतांत ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि मुलाच्या जन्मापासून सुमारे तीन वर्षे चित्रण केले. हाती आले सुमारे ९०,००० तासांचे चित्र आणि १,४०,००० तासांचा आवाज. रोज आठ तास बसून पाहायचे ठरवले, तर केवळ चित्र संपायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

म्हणून खरे संशोधन चित्रणात नव्हते, शोधण्यात होते. कोणत्या खोलीत हालचाल आहे, कोणत्या क्षणी बोलणे चालू आहे, हे यंत्राने आधी वेगळे काढायचे आणि उरलेले माणसांनी ऐकून लिहून काढायचे, अशी विभागणी केली गेली. त्यातूनच दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाने आत्मसात केलेले ५०३ शब्द नोंदवता आले. ‘गागा’ या उच्चाराचा सहा महिन्यांत ‘वॉटर’ कसा होत गेला, ते रॉय यांनी २०११ साली एका व्याख्यानात अर्ध्या-पाऊण मिनिटात ऐकवले. हजारो तासांचे झालेले हे संपादनच म्हणायचे.

त्या घरातली आणखी एक सोय मला अधिक महत्त्वाची वाटते. खोल्यांच्या भिंतींवरच्या पॅनेलवरून चित्रण थांबवता येत असे आणि ‘ऊप्स’ अशा अर्थाचे एक बटण दाबून नुकतेच टिपलेले मागे जाऊन पुसताही येत असे. बाजारात मिळणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यांवर असे बटण मी अजून पाहिलेले नाही.

३. तासाभराचे व्हिडिओ एवढ्याशा मेमरी कार्डात मावतात कसे?

आधी न दाबलेल्या चित्राचा हिशेब पाहू. फुल एचडी फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात, १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका तासाला सुमारे ५६० जीबी होतात. प्रत्यक्षात तेच चित्रण एक-दोन जीबीत बसते, कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवतच नाही.

देवघरासमोर लावलेला कॅमेरा डोळ्यांपुढे आणा. भिंत तीच, देव्हारा तोच, फोटोवरचा हार तोच. हलते ती फक्त समईची ज्योत. कॅमेरा एक फ्रेम पूर्ण लिहून ठेवतो आणि नंतरच्या फ्रेमसाठी ‘ज्योतीपाशी एवढा बदल, बाकी मागचेच’ अशा स्वरूपाची नोंद करतो. पूर्ण लिहिलेल्या फ्रेमला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम तिच्यावर, एकमेकींवर आणि काही वेळा पुढे येणाऱ्या फ्रेमवरही अवलंबून असतात. हे अवलंबन नीट लक्षात घेतले, तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे वाचकाला स्वतःलाच सुचतील.

४. कॅमेऱ्यात एच.२६४ ठेवावे की एच.२६५?

एच.२६४ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे मानक २००३ साली आले आणि आज ते जवळपास प्रत्येक उपकरणावर चालते. एच.२६५ हे २०१३ सालचे; तेवढ्याच दर्जासाठी ते ढोबळमानाने निम्मी जागा घेते, मात्र उलगडताना संगणकाला अधिक कष्ट पडतात. २०१८ सालचे एव्ही१ प्रामुख्याने इंटरनेटवरील प्रसारणात दिसते, घरगुती कॅमेऱ्यांत फारसे नाही.

केवळ सुरक्षेसाठी चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्याला एच.२६५ योग्य आहे. ज्या चित्रणाचे संपादन करायचे हे आधीच ठरलेले आहे आणि संगणक जुना आहे, त्यासाठी एच.२६४ घ्यावे. काही उत्पादक एच.२६५ ला ‘प्लस’ जोडून आणखी बचतीचा पर्याय देतात. त्यातली बरीच बचत दोन की-फ्रेममधले अंतर वाढवून साधलेली असते, त्यामुळे अशा फुटेजमध्ये मागेपुढे सरकताना चित्र अडखळते.

५. चार कॅमेरे आहेत. महिनाभराचे फुटेज ठेवायला किती मोठी हार्ड डिस्क घ्यावी?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवला जातो तो आकडा, लिहिलेला असतो. तो पाहून हिशेब स्वतः करावा, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणून आणि आठने भागून २१.६ जीबी येतात. चार कॅमेरे आणि तीस दिवस म्हणजे सुमारे २.६ टीबी, तेव्हा ४ टीबीची डिस्क घेतलेली बरी. बिटरेट ४ मेगाबिट ठेवला तर हा आकडा दुप्पट होतो. एकाच कॅमेऱ्यात १२८ जीबीचे कार्ड असेल, तर २ मेगाबिटला जेमतेम सहा दिवस मिळतात आणि सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला जाऊ लागतो. सुट्टीवरून परतल्यावर ‘त्या दिवसाचे फुटेजच नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नेमके हेच झालेले असते.

६. हालचाल झाली की मोबाइलवर सूचना येते, पण रात्रभर पन्नास सूचना येतात आणि कुणीच आलेले नसते. असे का?

साधे कॅमेरे लागोपाठच्या फ्रेममधल्या बिंदूंत किती फरक पडला, एवढेच मोजतात. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. भिंगासमोरून जाणारा किडा त्या उजेडात माणसाएवढा पांढरा दिसतो. किडे आले की पाल येते, कोळी जाळे विणतो आणि ते जाळे वाऱ्यावर हलत राहते. पावसाळ्यात सरींची भर पडते. उपाय साधे आहेत. भिंगाभोवती दर आठवड्याला कोरडा कुंचला फिरवावा, हालचाल मोजण्याचा भाग दारापुरता आखून घ्यावा आणि माणूस ओळखण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू करावी. शरीराची उष्णता टिपणारा वेगळा संवेदक जोडता आला तर पाऊस आणि जाळे यांचा त्रास बराच कमी होतो.

७. क्लिप जिथे कापतो तिथे ती कापली जात नाही, सेकंदभर मागून सुरू होते. सॉफ्टवेअर बिघडले आहे का?

नाही. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने न दाबता मूळ दर्जा राखून, जलद कापणी करणारी साधने फाइल केवळ की-फ्रेमपाशी तोडू शकतात (प्रश्न ३ पाहा). फाइलमध्ये दर दोन सेकंदांनी की-फ्रेम असेल आणि आपण तेराव्या सेकंदाला कात्री लावली, तर क्लिप बाराव्या सेकंदापासून सुरू होईल. काही साधने तो अधिकचा भाग लपवतात. मग एका प्लेअरवर सुरुवात बरोबर दिसते आणि दुसऱ्यावर क्षणभर काळा पडदा येतो.

फ्रेमगणिक अचूकता हवी असेल, तर संपादन सॉफ्टवेअरमध्ये कापून नव्याने एक्सपोर्ट करावे लागते आणि त्यात दर्जा किंचित घसरतो. एकदा घसरलेला दिसतही नाही. मात्र कापलेली क्लिप पुन्हा कापणे, तीच मेसेजिंग ॲपवरून पाठवणे, तिकडून आलेली पुन्हा जोडणे असे चार-पाच फेरे झाले, की चेहऱ्यांवर चौकटी उमटू लागतात. प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी.

८. संपादन करताना आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो. सुरुवातीला बरोबर असतो. काय करावे?

या तक्रारीची दोन निराळी कारणे असतात आणि आधी कोणते आहे ते ओळखावे लागते.

चित्र आणि आवाज दोन्ही एकाच मोबाइलचे असतील, तर बदलता फ्रेम-दर हे कारण असण्याचा संभव अधिक. अंधार वाढला किंवा फोन तापला, की मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेण्याऐवजी कमी घेतो आणि प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदवतो. मोबाइलवर पाहताना म्हणूनच सारे बिनचूक दिसते. काही संपादन सॉफ्टवेअर मात्र दर सगळीकडे सारखाच आहे असे गृहीत धरतात आणि तेथे ताळमेळ सुटतो. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून फाइल आधी स्थिर फ्रेम-दराची करून घ्यावी आणि मग ती टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर, आणावी.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर दोष दोन घड्याळांचा असतो. एका मुंजीचे चित्रण आम्ही असेच केले होते. गुरुजींपाशी ठेवलेला रेकॉर्डर आणि कॅमेरा सुरुवातीच्या टाळीवर अगदी जुळले होते. तासाभराने मातृभोजनाच्या वेळी आईचा आवाज ओठांच्या आधी येऊ लागला. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास एवढा फरक असला, तरी तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे चार-पाच फ्रेम सरकतात आणि तेवढे डोळ्याला खटकते. अशा वेळी शेवटीही एक टाळी घ्यावी आणि दोन टाळ्यांमधला आवाज चित्राइतका ताणून किंवा आखडून घ्यावा. त्या दिवशी शेवटची टाळी घ्यायचे आम्ही विसरलो होतो. आरतीच्या टाळ्यांवर निभावले.

९. घरात ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकतात. कॅमेरा खराब आहे का?

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो आणि पट्टे नाहीसे होतात. अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्यात किंवा वेबकॅममध्ये ६० हर्ट्झचे सेटिंग असते. ते मेनूत जाऊन ५० करावे. एकदा उमटलेले पट्टे संपादनात पूर्णपणे काढणे फार कष्टाचे आहे.

१०. तीन तासांच्या लग्नाच्या चित्रणात शॉट कुठे बदलतो, हे संगणक आपोआप शोधू शकतो का?

शोधू शकतो, आणि बहुतेक वेळा चांगले शोधतो. या प्रश्नावर संशोधकांनी बराच काळ घालवला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चालवलेल्या ‘ट्रेकव्हिड’ या उपक्रमात २००१ ते २००७ या काळात हेच एक स्वतंत्र काम म्हणून दिले जाई: सर्वांना तेच व्हिडिओ द्यायचे आणि कोणाची पद्धत किती शॉट-सीमा अचूक ओळखते, ते ताडून पाहायचे. मूळ युक्ती साधी आहे. प्रत्येक फ्रेममध्ये कोणता रंग किती आहे, त्याची मोजदाद करायची. लागोपाठच्या दोन मोजदादींत एकदम मोठा फरक पडला, की तेथे काप आहे असे मानायचे.

सरळ काप याने सहज सापडतात. एक दृश्य विरत जाऊन दुसरे उमटते तेथे फरक थोडाथोडा पडत जातो आणि साधी पद्धत चुकते. लग्नात उलटी चूक होते: अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, एकाच क्षणी चार फ्लॅश उडतात आणि संगणक एकाच शॉटचे पाच तुकडे करून ठेवतो. फ्लॅशनंतरची फ्रेम फ्लॅशपूर्वीच्या फ्रेमसारखीच आहे का, एवढे तपासले तरी यातल्या बऱ्याच चुका गळतात. अलीकडच्या पद्धती हे उदाहरणांवरूनच शिकतात. तेव्हा डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमधली ही सोय जरूर वापरावी, पण मंगलाष्टकांचा भाग हातानेच तपासावा.

११. माझा संगणक साधा आहे. फोर-के फुटेज टाकले की टाइमलाइन अडकते. नवा संगणक घेण्यावाचून इलाज नाही का?

आधी प्रॉक्सी वापरून पाहावी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची लहान आकाराची, उलगडायला सोपी अशी प्रत बनवते. सारे कापणे-जोडणे त्या प्रतीवर होते आणि एक्सपोर्ट करताना मूळ फाइल वापरली जाते. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या तिन्हींत ही सोय आहे.

१२. घरी व्हीएचएस आणि लहान मिनी-डीव्ही कॅसेट आहेत. त्या संगणकावर कशा घ्याव्यात?

आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात निरखून पाहावे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे फितीच्या कडांवर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसते. ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये, कारण बुरशी यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर पसरते. आमच्याकडे एका कुटुंबाने सात कॅसेट आणल्या. सातही एका जागी, एका पिशवीत वर्षानुवर्षे होत्या आणि बुरशी एकीवरच होती. नेमकी तीच त्यांनी घरी सर्वांत आधी लावून पाहिली होती. चालणारा व्हीसीआरही आता जपून वापरायला हवा, कारण व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या उत्पादकाने २०१६ सालीच उत्पादन थांबवले.

मिनी-डीव्हीवरची नोंद मुळातच डिजिटल आहे. ती पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी न घेता फायरवायर तारेने घ्यावी. तासाला सुमारे १३ जीबी होतात, पण फितीवर आहे तसेच उतरते. व्हीएचएससाठी मात्र व्हीसीआरमधले चित्र संगणकात उतरवणारे चांगले कॅप्चर उपकरण लागते.

आपल्याकडच्या जुन्या कॅसेट पाल पद्धतीच्या आहेत: सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. संगणकाच्या पडद्यावर लेझीम खेळणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळे. डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे बनवताना, ५० अर्ध्या चित्रांपासून ५० पूर्ण फ्रेम करण्याचा पर्याय निवडावा. २५ चा निवडल्यास दाते जातात, पण हालचालीची सफाईही जाते. मूळ कॅप्चर फाइल डीइंटरलेस न करता तशीच ठेवावी.

१३. एवढे सारे जपायचे कसे? पेन ड्राइव्हवर ठेवले तर चालेल का?

केवळ पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. तीन प्रती, निदान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर, हा जुना नियम पुरेसा आहे. मुलगी परदेशी असेल तर तिसऱ्या प्रतीची जागा आपोआप ठरते. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि प्रसंग लिहावा. चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे; तो एक्सफॅट करावा, अर्थात आतला मजकूर आधी दुसरीकडे उतरवून.

१४. घरातला कॅमेरा इंटरनेटवरून कुणी दुसरा पाहू शकतो का?

निष्काळजीपणा असेल तर पाहू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे फुटेज साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने ठेवलेला पासवर्ड तो गेल्यानंतर त्याच दिवशी बदलावा, उपकरणातल्या सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती टाकावी आणि शयनगृहात कॅमेरा लावूच नये.

१५. आमच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचे दारही दिसते. ते आक्षेप घेत आहेत. कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. मात्र याचा अर्थ काहीही टिपावे असा होत नाही. संमतीवाचून कुणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करण्याची सोय असते. शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर त्यांचे दार झाकले, तर सोसायटीच्या सभेत हा विषय सहसा पोहोचत नाही.

१६. चोरीचे फुटेज पोलिसांना द्यायचे आहे. चोर दिसतो तेवढाच भाग कापून, थोडा उजळून दिला तर चालेल का?

ओळख पटवण्यासाठी उजळलेली प्रत सोबत द्यावी, पण मूळ फुटेजच्या जागी ती देऊ नये. अशा नोंदी न्यायालयात कशा ग्राह्य धरायच्या, याचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला, की मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले असेल तर त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीविषयी वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, पण प्रत सादर करायची असेल तर ते अनिवार्य आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या साऱ्या बिटांवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा. क्लिप एका फ्रेमने जरी कापली, तरी तो पूर्णपणे बदलतो. म्हणून डीव्हीआरमधूनच संबंधित वेळेच्या अर्धा तास आधीपासूनचे फुटेज त्याच्या मूळ स्वरूपात उतरवून घ्यावे आणि जुने पुसले जाण्यापूर्वी घ्यावे (प्रश्न ५ पाहा). उतरवताना डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येतील असा एक फोटो काढून ठेवावा. आम्ही पाहिलेल्या डीव्हीआरपैकी कित्येकांची घड्याळे सात-आठ मिनिटे पुढे किंवा मागे होती, आणि एकाचे तर मागच्या वर्षात अडकलेले होते.